सांडवा राहून गेला

बिराप्पा धनगर शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसला तेव्हा मी पाचवीच्या मुलांना नकाशा दाखवत होतो. आमच्या उमरग्याच्या शाळेत अजून जुनाच नकाशा टांगलेला आहे. त्यात निजामाचं राज्य वेगळ्या रंगात आहे, आणि तो रंग आता नाही असं धरून चला, असं मुलांना दरवर्षी सांगावं लागतं. खिडकीतून मला बिराप्पाचं मुंडासं दिसलं. त्याला दारातून हाक मारता आली असती; पण शिकवणाऱ्या माणसाला मध्येच थांबवू नये ही त्याची समजूत. तास संपेपर्यंत तो भिंतीला टेकून, काठी मांडीवर आडवी घेऊन बसून राहिला. घंटा झाली, मी बाहेर आलो आणि हसून विचारलं, "काय बिराप्पा, बाजाराला आलास का?" तो उठून उभा राहिला. "मास्तर, अप्पा गेलं," म्हणाला. "सकाळी बांधाकडं जाऊन आलं, दूध घेतलं, आन् बसल्या जागी मान टाकली." माझ्या तोंडावरचं ते हसू त्यानंतर किती वेळ तसंच राहिलं, मला सांगता येणार नाही…

याला आता दीड महिना झाला. सारा मुलूख ज्याला अप्पा म्हणायचा, तो माझा सिद्राम. आम्ही दोघं एका गावचे. त्याचं घर वर गावात, आमचं खाली ओढ्याकाठच्या वाडीत. सरकारी उर्दू शाळेत आम्ही एका पाटावर बसलो. उर्दूची अक्षरं त्याच्या डोक्यात कधी शिरली नाहीत. ती तो माझ्या पाटीवरून उतरवून घ्यायचा. हिशेब मात्र तोंडी करायचा, आणि तो कानडीत. ओठ हलताना दिसायचे आणि उत्तर मराठीत बाहेर पडायचं. पुढं तो वडिलांच्या आडत दुकानात बसला, मी मास्तर झालो. व्यापारात बुडाला की तो हात झटकून म्हणायचा, "होगली बिडू" — जाऊ दे, सोड. करडईचा भाव पडला, होगली बिडू. सोलापूरच्या वाटेवर गाडी उलटून तेल सांडलं, होगली बिडू. एवढ्या सहज नुकसान सोडून देणारा व्यापारी मी दुसरा पाहिला नाही. म्हणूनच पुढं जे झालं ते त्याला सोडता आलं नाही याचं मला अजून नवल वाटतं.

मोठ्या लढाईच्या वर्षांत त्याच्याकडं पैसा आला. लढाई कुठं तरी समुद्रापलीकडं चालली होती आणि इकडं शेंगांचा, करडईचा, तेलाचा भाव चढत होता. सिद्रामनं माल भरून ठेवला होता. त्यानं काही लबाडी केली नाही. त्याची वखार भरलेली होती आणि इतरांच्या रिकाम्या, एवढंच. दोन-तीन वर्षांत त्याच्या घराच्या माळवदाला नव्या सागवानी तुळया आल्या, दाराला पितळी कड्या आल्या. त्याच्यासारखा पैसा ज्यांना मिळाला त्यांतल्या काहींनी तेलाची गिरणी घातली, काहींनी सोनं केलं, आणि ज्यांना वाऱ्याचा वास लवकर येतो त्यांनी तो निजामाच्या हद्दीपलीकडं सोलापुरात नेऊन ठेवला. सिद्राम मात्र रोज संध्याकाळी गावाच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मधल्या घळीत जाऊन उभा राहायला लागला. एकदा मला घेऊन गेला. म्हणाला, "माधवा, हितं बांध घातला तर पाणी कुठवर जाईल सांग." मी म्हटलं, "तुझ्याच बापाच्या जमिनीवर जाईल." तो हसला. "जाऊ दे की. वरचं शंभर पायली पेऱ्याचं रान बुडंल, खालचं हजार पायलीचं भिजंल. आन् धर्म करतोय असं समजू नको. खालचं रान भिजलं की माल कुणाच्या आडतीला येणार?"

त्याच वर्षी त्यानं पाऊस मोजायला सुरुवात केली. तेलाचा एक सरळ बाजूंचा पितळी डबा माळवदाच्या कठड्यावर ठेवला. पाऊस पडून गेला की वर चढायचा, डब्यात हात घालायचा आणि पाणी किती बोटं चढलं ते बघायचा. मग दुकानात येऊन सांगायचा, "काल चार बोटं." गावाला हा मोठा विनोद मिळाला. "अप्पा पाऊस मोजायलेत, आता ढगाला व्याज लावणार बगा!" त्याची बायको नीलम्मा आळंदकडची, तिचं मराठी अजून कानडी वळणाचं. ती खालून ओरडायची, "भाकरी गार व्हायली, पाऊस कुठं पळून जातो का?" पण एखादे दिवशी तो बाहेरगावी असला की तीच गुपचूप वर जाऊन बोटं घालून यायची.

अर्ज मी लिहिला. सगळा सरकारी व्यवहार उर्दूत, तेव्हा तो मलाच लिहावा लागणार होता. तलाव बांधील त्याला भिजलेल्या जमिनीच्या साऱ्यातला वाटा, असा जुना रिवाज आमच्या भागातले म्हातारे सांगत. त्याचाच आधार घेतला. तहसीलदारांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून सिद्रामकडं पाहिलं आणि म्हणाले, "क्यों सेठ, पैसा जास्ती हो गया क्या?" सिद्राम हात जोडून म्हणाला, "नै साहेब, पानी कम हो गया." तहसीलदार मनापासून हसले. "तालाब बनाना हुकूमत का काम है," म्हणाले. सिद्राम म्हणाला, "हुकूमत आयेगी तब तक मैं मिट्टी डाल के रखता हूं." मंजुरी मिळाली. कचेरीतून बाहेर पडल्यावर त्यानं मला खव्याचा पेढा खायला घातला आणि दोन पेढे तहसीलदारांच्या शिपायाच्या हातावर ठेवले. त्या दिवशी तो जेवढा आनंदात होता तेवढा मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

कामाला वडार आले, त्यांची गाढवं आली. पहिलं वर्ष पाया खणण्यात आणि दगड काढण्यात गेलं. बांधाच्या पोटात काळ्या चिकट मातीची भिंत घालायची आणि ती थराथरानं दाबत न्यायची, तेव्हा ती पाणी धरते. दाबायला माणसं कुठून आणणार? इथं सिद्रामला मेंढरं सुचली. आमच्याकडं सुगीनंतर धनगरांची मेंढरं रानात बसवायची रीत आहे. लेंडीचं खत मिळतं, म्हणून शेतकरी त्याबद्दल धनगराला धान्य देतो. सिद्राम बिराप्पाला म्हणाला, "तेवढंच धान्य मी देतो. मेंढरं रानात बसवू नको, माझ्या चिखलावरून चालव." बिराप्पाला आधी ही थट्टाच वाटली. मग तो आला, त्याचे भाऊबंद आले. ओली माती पसरायची, मेंढरांचा कळप तिच्यावरून इकडून तिकडं फिरवायचा. हजारो खुरांनी ती माती अशी बसायची की कुदळ उडावी. सकाळच्या उन्हात धुळीच्या आणि लोकरीच्या त्या लोटात सिद्राम स्वतः काठी घेऊन, "हुर्र, हुर्र" करत चालताना मी पाहिला आहे. अंगावरचं धोतर चिखलानं काळं झालेलं. शेतकरी मात्र चिडले. "सावकारानं सगळ्या गावाची लेंडी बांधात पुरली," असं चारचौघांत बोलायला लागले.

आणि याच मेंढरांपायी ती गोष्ट राहून गेली, जिच्याबद्दल मला लिहायचं आहे. तलावाला सांडवा लागतो. पोट भरलं की जादा पाणी बाजूनं, दगडावरून, बांधाला धक्का न लावता निघून जाण्याची ती वाट. ती नसली तर पाणी बांधाच्या डोक्यावरून उतरतं आणि मातीचा बांध एका दमात वाहून जातो. हे सगळ्यांना माहीत होतं. प्रश्न आधी काय, हा होता. पाऊस लागला की मेंढरं आमच्या काळ्या रानात राहत नाहीत, ओलीनं त्यांचे खूर कुजतात. म्हणून सिद्राम म्हणाला, "मेंढरं हायत तवर बांध उचलून घेऊ. सांडवा दगडात खोदायचा, त्याला मेंढरं लागत न्हाईत. होळीपर्यंत बांध, मृगापर्यंत सांडवा." बिराप्पाला पटलं, वडारांना पटलं, मला पटलं. आजही कुणी तसाच प्रश्न टाकला तर मी तेच उत्तर देईन. मेंढरं निघून जातील याची आम्हा सगळ्यांना काळजी होती. माणसं निघून जातील हे कुणाच्या मनातही आलं नाही.

होळीला बांध पुरा झाला. त्यानंतरच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी ते पाहिले त्यांना ठाऊक आहेत. रस्त्यांवर बंदुका घेतलेली माणसं फिरायला लागली. आज या गावाला आग, उद्या त्या गावाला. वडार एका सकाळी गाढवांसकट गेले, सांडव्याची जागा नुसती आखलेली राहिली. धनगरांनी मेंढरं सोलापूरच्या बाजूला काढली. घरंच्या घरं हद्द ओलांडून जात होती. मीही बायको-मुलांना गाडीत बसवलं. आई येईना. "मला म्हातारीला बंदूक मारून कुनाची गोळी फुकट जायला झाली व्हय? माजी म्हैस सोडून मी येत न्हाय," म्हणाली आणि दारात बसून राहिली. तिला उचलून गाडीत घालायला हवं होतं का? मी धाकट्याला कडेवर घेतलं होतं… हात रिकामा नव्हता, एवढंच मला आठवतं. वाटेत बांधावर सिद्राम भेटला. मी म्हटलं, "चल. जीव राहिला तर तलाव पुन्हा बांधशील." तो बांधाकडं बघत म्हणाला, "सांडवा न्हाय माधवा. पाऊस आला आन् हितं कोणच नसलं तर खालची वाडी जाईल. तू हो पुढं. तुझ्या आईकडं मी बघतो." हे वाक्य तो सहज बोलून गेला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. नीलम्मानं सांगितलं, बिराप्पानं सांगितलं. धनगरांतला तो एकटाच थोडी शेरडं घेऊन मागं फिरला होता. पावसाळा आधी बेताचा होता. श्रावण संपता संपता एका संध्याकाळी लागला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबला नाही. पिकाला पाणी सोडायची मोरी सताड उघडली होती, पण तिच्या तोंडातून जाणारं पाणी ते किती? तलाव बघता बघता भरत आला. वाडीत उरलेल्या म्हाताऱ्यांना टेकडीवर न्यावं म्हणून सिद्रामनं नीलम्माला धाडलं. वाट ओढ्यातून जाते आणि ओढा दुथडी वाहत होता. ती अलीकडून हाका मारमारून परत आली. तेव्हा पाणी बांधाच्या डोक्यापासून हातभर खाली होतं. सिद्रामनं बिराप्पाच्या हातातली कुदळ घेतली. बांधाच्या ज्या टोकाला खाली मुरूम-दगड होता, जिथं पाण्याला माती सावकाश खावी लागेल, तिथं तो गेला. बिराप्पा म्हणाला, "अप्पा, माज्या मेंढरांनी तुडवलेली माती हाय, लवकर फुटायची न्हाय." आणि खरंच लवकर फुटेना. आपल्याच बांधावर तिघं जण घाव घालत होते, आणि तो त्यांना दाद देत नव्हता. शेवटी पाण्याला वाट फुटली. त्या दुपारपासून रात्रभर ते त्या खिंडारातून जात राहिलं. सकाळी तलावात चिखल होता आणि वाडीत उंबऱ्याला लागून आलेलं पाणी ओसरत होतं. एकही माणूस गेलं नाही. आईची म्हैससुद्धा वाचली.

पण बांध फुटल्यावर थोड्याच वेळात पाऊस थांबला होता. ऊन पडलं होतं. आणि कठड्यावरचा डबा काठोकाठ भरून ओसंडला होता, त्यामुळं त्या दिवशी किती बोटं पाऊस पडला हे कुणालाच कधी कळणार नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नळदुर्गाकडून फौजा आल्या, निजामाचं राज्य संपलं, गेलेली माणसं परत आली. वडारही आले असते. आम्ही परतलो तेव्हा सिद्राम खिंडारापाशी बसला होता. लोकांना जीव वाचल्याची गोष्ट फार दिवस पुरत नाही. बांध तर समोर दिसत होता, तोही फुटलेला. "फोडायचाच होता तर बांधला कशाला?" असं लोक बोलले. सगळा पैसा बांधात गेला होता; दुकान गेलं, जमिनी गेल्या. तलावाच्या पोटातली तेवढी राहिली, कारण उद्या पुन्हा पाणी भरेल या भीतीनं तिला गिऱ्हाईक नव्हतं. नव्या कचेरीतले साहेब भले होते. त्यांनी मंजुरी मला वाचून दाखवायला सांगितली, मान हलवली आणि म्हणाले, "बघू." त्यांनी तरी दुसरं काय म्हणावं? देणारे बदलले होते, रिवाज बदलले होते. सिद्रामनं ज्या राज्याच्या भरवशावर जोखीम घेतली ते राज्यच वाहून गेलं होतं.

एक दिवस तो वाडीत आमच्या घरी आला. आईनं त्याला ताक दिलं आणि लाडानं म्हणाली, "सिद्राम्या, माज्यासाटी येवढं तळं फोडलंस व्हय रं? आरं, मी माळवदावर चढून बसले असते की!" आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. तो हसला नाही. ताक अर्धं ठेवून उठला. आईच्या मनात काही नव्हतं. तिची आभार मानायची तीच तऱ्हा. पण ते वाक्य त्याच्यात रुतलं, आणि मी ते काढू शकलो नाही. नंतर कितीदा तरी ते बोलायचं ठरवून मी त्याच्याकडं गेलो. दरवेळी आम्ही पेरण्यांबद्दल बोललो आणि मी परत आलो.

शेवटची भेट उन्हाळ्यात झाली, शाळेला सुटी होती. खिंडाराच्या कडेला आम्ही दोघं बसलो होतो. खालून गावची शेरडं त्याच वाटेनं आत-बाहेर करत होती. तो अचानक म्हणाला, "माधवा, आनखी दोन तास थांबलो असतो तर?" काय बोलणार? थांबायला हवं होतं म्हणावं, तर खाली माझी आई होती. बरं केलंस म्हणावं, तर समोर त्याचं सगळं आयुष्य चिखल होऊन वाळलं होतं, आणि ते माझ्या आईच्या बदल्यात गेलं असं मीच त्याच्या तोंडावर म्हटल्यासारखं झालं असतं. जगातल्या कुणीही दिलेलं उत्तर त्याला चाललं असतं. माझं चालणार नव्हतं, आणि त्यानं विचारलं ते मलाच. तो थोडा वेळ वाट बघत राहिला. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "तुझी आई बरी हाय न्हवं?" मी म्हटलं, "बरी आहे." तो म्हणाला, "मग झालं." होगली बिडू म्हणेल असं मला वाटलं होतं. ते तो म्हणाला नाही…

त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणं त्याला बसवून मूठमाती दिली. स्वतःची म्हणून उरलेली जमीन तेवढीच, म्हणून तलावाच्या पोटातच. बांधाकडं तोंड करून बसला आहे तो. आता गावातली मंडळी माझ्याकडं आली आहेत. बांध अजून भक्कम आहे, खिंडार बुजवून सांडवा खोदला तर तलाव होईल, तेव्हा सरकारकडं अर्ज करू, तुम्ही लिहा, म्हणतात. या वेळी मराठीत. कागद समोर घेतला आणि तसाच घडी करून ठेवला. तलाव झाला तर पहिलं पाणी त्याच्या डोक्यावरून जाणार. न झाला तर त्यानं केलेलं सगळं नुसतं शेरडांची वाट म्हणून राहणार. काही सुचेना म्हणून परवा नीलम्माकडं गेलो.

पाऊस नुकताच पडून गेला होता. मी अर्जाचं सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "बुडू द्या की मास्तर. पान्याखाली जायचं म्हनून तर ती जमीन कोन घेतलं न्हाय." एक खडा वेचून टाकत म्हणाली, "माझे गुडघे चढू देत न्हाईत. वर जाऊन बघा तेवढं, किती झाला."

मी शिडीनं माळवदावर गेलो. डबा कठड्यावर त्याच जागी होता, खाली वर्षानुवर्षं ठेवून पडलेला गोल डाग. मी हात घातला. पाणी गार होतं. बोटं मोजली आणि वरूनच सांगितलं, "चार बोटं, वहिनी."

खाली सूप थांबलं. ती म्हणाली, "तुमची बोटं खडू धरनाऱ्याची, बारीक. त्यांच्या हातानं तीनच भरला असता."

मी पुन्हा हात घातला. बोटं जाड करता येतात का ते बघितल्यासारखा किती तरी वेळ तसाच उभा राहिलो. मग पाणी खाली बेलाच्या बुंध्यावर ओतलं आणि डबा त्या डागावर बरोबर बसवून ठेवला.